सौम्य मिश्र अवस्था (बायपोलर): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायपोलरबद्दल (मन कधी उन्मादात, म्हणजे भलत्याच जोरात, तर कधी नैराश्यात जातं तो आजार) मराठीत जे वाचायला मिळतं त्यात माणसाची दोनच चित्रं असतात: एकतर हवेत, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोन्हींची खिचडी होते ती अवस्था त्यात सापडत नाही. आमच्या शुभार्थी-शुभंकरांच्या गटात मात्र सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दल येतात, आणि बहुतेक रात्री एकनंतर. (शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो, शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. 'पेशंट'पेक्षा मला हे शब्द आवडतात.) मी भावाची शुभंकर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे इथं कुठल्याही गोळीचा डोस मिळणार नाही. आत्ता मनात जीव देण्याचे विचार चालू असतील तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १३ वाचा.

१. मिश्र अवस्था म्हणजे नेमकं काय? उन्माद आणि नैराश्य एकाच वेळी कसं असेल?

मनाला एकच काटा असतो असं आपण धरून चालतो, वर गेला की उन्माद, खाली आला की नैराश्य. म्हणून दोन्ही एकदम अशक्य वाटतं. काटे निदान तीन असतात: मन आनंदी की उदास, विचार भराभर की जड, आणि अंगाला हालचालीची ओढ किती. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ही मांडणी केली. त्यांचे सहकारी विल्हेल्म वायगांट यांनी १८९९ मध्ये फक्त मिश्र अवस्थांवर एक पुस्तिका लिहिली. उन्मादात तिन्ही काटे वर असतात, नैराश्यात तिन्ही खाली. मिश्र अवस्थेत त्यांची फाटाफूट होते. मन तळाला, पण विचार सुसाट आणि पाय एका जागी ठरत नाहीत. माझा भाऊ म्हणतो, "रडायला बसावं तर बसवतच नाही."

२. डॉक्टर 'सौम्य' म्हणाले. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

सौम्य हा शब्द लक्षणांच्या मापाला आहे, धोक्याच्या मापाला नाही. माणूस कामावर जातो, भास-भ्रम नसतात, दवाखान्यात भरती करायची वेळ आलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत मिश्र अवस्था म्हणायला उन्माद आणि नैराश्य दोन्हींचे निकष आठवडाभर जवळजवळ रोज पूर्ण व्हावे लागत. इतकी कडक अट फार थोड्यांना लागू पडे. २०१३ च्या आवृत्तीत ती बदलली: मुख्य झटका (आजार उसळतो तो काळ, इंग्रजीत एपिसोड) एका बाजूचा असेल आणि विरुद्ध बाजूची किमान तीन लक्षणं बहुतेक दिवस दिसत असतील, तर 'मिश्र लक्षणांसह' अशी जोड लावतात. तुमच्या कागदावर असंच काहीतरी लिहिलेलं असेल. धोक्याचं का म्हणते, ते प्रश्न १३ मध्ये.

३. घरात हे दिसतं कसं?

पुस्तकातली यादी वाचून कुणाला ओळखू येत नाही, म्हणून गटात ऐकलेले नमुने सांगते. रात्री दोनला उठून फडताळ रिकामं करायचं, आवरता आवरता रडायचं, आणि सगळं तसंच टाकून गॅलरीत येरझारा घालायच्या. एका दिवसात पाच ठिकाणी नोकरीचे अर्ज पाठवायचे आणि सहाव्याला 'मी कशालाच लायक नाही' म्हणून लॅपटॉप आपटायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावायचं आणि पाच मिनिटांनी पाया पडून माफी मागायची. ऑनलाइन वस्तू मागवायच्या, आल्या की उघडायच्याही नाहीत.

डॉक्टरांना सांगताना 'डिप्रेशन आलंय' एवढंच सांगू नका. मराठीत या अवस्थेसाठी नेमके शब्द आहेत: तगमग, उलघाल, घालमेल, जीव थाऱ्यावर नसणं. नुसत्या नैराश्यात माणूस बहुधा 'जड झालंय, उठवत नाही' म्हणतो. इथं तो 'आत खदखदतंय' म्हणतो. हा फरक तुमच्या तोंडून आला तर डॉक्टरांची दिशा बदलू शकते (का, ते प्रश्न ७ मध्ये).

४. आमचे हे मुळातच तापट आहेत. स्वभाव कुठला आणि आजार कुठला?

स्वभाव वर्षानुवर्षं तोच असतो. झटक्याला सुरुवात असते. 'गणपतीपर्यंत ठीक होते, त्यानंतर असे झाले' असं सांगता येत असेल तर तो स्वभाव नव्हे. दुसरी खूण झोपेची: चार तासच झोप होते, तरी दिवसा पेंग येत नाही, उलट धावपळ वाढते. तिसरी, बदल घराबाहेरच्यांनाही जाणवतो. तापट माणूस साहेबांसमोर गप्प बसतो आणि घरी येऊन बरसतो. मिश्र अवस्थेतल्या माणसाला हे गणित जमत नाही, तो साहेबांनाही ऐकवतो.

५. रॅपिड सायकलिंग ते हेच का?

नाही. रॅपिड सायकलिंग म्हणजे वर्षात चार किंवा जास्त वेगवेगळे झटके येणं. मिश्र म्हणजे एकाच झटक्यात दोन्ही बाजू मिसळणं. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं.

६. चिंतारोग, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा त्रास), पाळीच्या आधीचा त्रास, हेही असंच दिसतं. कसं ओळखायचं?

ओळखणं डॉक्टरांचं काम आहे, आणि त्यांनाही ते अवघड जातं. गंमत म्हणजे २०१३ च्या निकषांत चिडचिड, लक्ष विचलित होणं आणि अस्वस्थ हालचाल ही तिन्ही लक्षणं मोजायचीच नाहीत असं ठरलं, कारण ती दोन्ही बाजूंना आढळतात. त्यावर अनेक तज्ज्ञांनी टीका केली की मिश्र अवस्थेचा गाभाच तुम्ही बाहेर ठेवला. रोज घरात बघणारी म्हणून मला ती टीका पटते.

तुमच्या हातात इतिहास नीट सांगणं आहे. एडीएचडी लहानपणापासून असतो. पाळीचा त्रास पाळी सुरू झाल्यावर ओसरतो, म्हणून दोन-तीन महिने तारखा लिहून ठेवा. थायरॉइड तपासून घ्या. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील तर आवर्जून सांगा, त्यांनी असं चित्र उभं राहू शकतं. आणखी एक सोंग आहे: काही मानसिक आजारांच्या औषधांनी पायांत अशी बेचैनी येते की माणूस बसूच शकत नाही. तिला अकॅथिसिया म्हणतात. ती औषधाचा दुष्परिणाम असते. तिला आजार समजून तेच औषध वाढवलं तर त्रास दुप्पट होतो. औषध बदलल्यानंतर काही दिवसांत सुरू झालेली बेचैनी म्हणून डॉक्टरांना तारखेनिशी कळवा.

७. नैराश्याची गोळी सुरू केली आणि दोन आठवड्यांत चिडचिड, जागरण वाढलं. असं होतं का?

होतं. बायपोलर असलेल्यांना मूड सावरणाऱ्या औषधाशिवाय नुसती नैराश्यविरोधी गोळी दिली तर ती उन्मादाकडे ढकलू शकते, आणि मिश्र लक्षणं आधीच असतील तर तगमग वाढवू शकते. म्हणून अशा वेळी या गोळ्या टाळाव्यात असाच तज्ज्ञांचा कल आहे. पुष्कळदा चूक कुणाचीच नसते: माणूस पहिल्यांदा डॉक्टरांकडे जातो तो उदास असताना, आणि पूर्वी कधी चार दिवस तो भलताच जोरात होता हे कुणी सांगतच नाही, कारण घरात त्या दिवसांना 'तेव्हा किती छान होता' असं म्हणत असतात.

गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फोन लागत नसेल तर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

८. मग औषधं कोणती देतात?

साधारण दोन गट. एक, मूड स्थिर ठेवणारी: लिथियम, व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन. दुसरा, क्वेटियापिन, ओलान्झापिन, कॅरिप्राझिन, ल्युरासिडोनसारखी. त्यांच्या खोक्यावरच्या माहितीत 'स्किझोफ्रेनिया' वाचून घाबरू नका, बायपोलरमध्येही ती वापरतात. मिश्र लक्षणांवर लिथियम एकटं कधीकधी कमी पडतं, म्हणून दुसऱ्या गटातली गोळी किंवा व्हॅल्प्रोएट जोडलं जातं. पण आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा या यादीतल्या दुसऱ्या औषधाला नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उन्मादावरचा उपयोग मांडला, आणि ते अजून निवृत्त झालेलं नाही.

लॅमोट्रिजिन फार हळूहळू वाढवतात. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. पुरळ दिसलं, विशेषतः ताप किंवा तोंडात फोड असतील, तर घामोळं समजून पावडर लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

९. लिथियम चालू आहे. एकादशी, नवरात्राचे उपास, वारी जमेल का?

जमेल, पण लिथियमचं आणि पाण्या-मिठाचं नातं समजून घेऊन. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि शरीर त्याला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. पाणी किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही, आणि रक्तातली पातळी चढते. म्हणून निर्जळी उपास नको आणि अळणी उपासही नको. साबुदाण्याची खिचडी आणि सैंधव चालेल, सैंधवातही सोडियम असतं. एका काकूंनी श्रावणात 'या वर्षी मीठ सोडलं' असं व्रत घेतलं होतं. डॉक्टरांनी त्यांना मिठाऐवजी गोड सोडायला लावलं, आणि काकू अजून तक्रार करतात की हे जास्त कठीण होतं.

वारीत अडचण चालण्याची नसते, गुडघ्यांची असते. गुडघे धरले की कुणीतरी प्रेमाने डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी देतं, आणि याच वेदनाशामकांनी लिथियमची पातळी वाढते. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच, तेव्हा फॅमिली डॉक्टरांना लिथियम चालू असल्याचं दर वेळी सांगा. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलताना जीभ जड होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत: पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा. एरवी पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. सकाळी रक्त देऊन मगच गोळी घ्यायची. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमच्याही तपासण्या अधूनमधून लागतात.

१०. झोप येत नाही. आज रात्री काय करू?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. झोप कमी होणं हे लक्षण आहे आणि कारणही. एक रात्र गेली की दुसरी जाते, आणि तिसऱ्या दिवशी झटका उंबरठ्यावर असतो. 'सोशल ऱ्हिदम' उपचारपद्धती याच सूत्रावर उभी आहे: उठणं, पहिलं जेवण, लोकांना भेटणं, झोपणं यांच्या वेळा रोज त्याच ठेवायच्या. ऐकायला शाळेच्या वेळापत्रकासारखं वाटतं, आणि आहेच.

आज रात्रीपुरतं: नऊनंतर घरातले मोठे दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. सुचलेल्या कल्पना कागदावर लिहून तो कागद शुभंकराकडे द्या, उद्या अकरापर्यंत तो परत मागायचा नाही. झोप नाही आली तरी अंधारात आडवं पडून राहा, अंधाराचाही उपयोग असतो. काम उरकायला उठू नका. 'नाहीतरी जागाच आहे' या वाक्याने आमच्या घरात बरंच नुकसान केलं आहे. उद्या सकाळी ठरल्या वेळीच उठा, दुपारी भरपाई करू नका, चारनंतर चहा-कॉफी नको. डॉक्टरांनी अडचणीच्या वेळेसाठी झोपेची गोळी लिहून ठेवली असेल तर ती यासाठीच आहे. लिहून दिलेली नसेल तर शेजाऱ्यांची घेऊ नका. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर डॉक्टरांना कळवायचं, असा नियम बरं वाटत असतानाच ठरवून ठेवा.

गणपतीतली जागरणं, गरबा, लग्नाआधीची रात्र, अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या आयटीतल्या मीटिंगा, सगळ्यांना हाच नियम. आरतीला जा, अकराला घरी या. नातेवाइकांना कारण सांगायचं नसेल तर 'पित्त होतं' हे महाराष्ट्रात सर्वमान्य कारण आहे.

११. मूडची नोंद ठेवायला सांगितलं आहे. ॲप घेऊ की वही?

जे रोज दोन मिनिटांत होईल ते. फक्त 'मूड १० पैकी ४' लिहिलंत तर मिश्र अवस्था नोंदीत दिसणारच नाही, कारण दोन बाजूंची सरासरी निघून आकडा मधला येतो. मन, ऊर्जा आणि चिडचिड यांचे आकडे वेगळे लिहा, सोबत झोपेचे तास, आणि बायकांनी पाळीची तारीख. मन ३ आणि ऊर्जा ८ असे दिवस ओळीने दिसले की डॉक्टरांना फार समजावून सांगावं लागत नाही. आम्ही कालनिर्णयच्या चौकटीतच लिहितो.

१२. घरच्यांनी काय बोलावं? काहीही बोललं तरी भडका उडतो.

कमी बोलावं. 'शांत हो', 'विचार करू नकोस', 'तुला काय कमी आहे' ही तीन वाक्यं वर्ज्य. 'गोळी घेतलीस का?' हा प्रश्न भांडणाच्या मध्यात विचारला की शिवीसारखा लागतो. त्याची वेळ ठरवून ठेवा, जेवणानंतर वगैरे. वाद जिंकू नका. 'तुला तगमग होतेय असं दिसतंय, खाली चक्कर मारू या?' एवढं पुरतं. अंगातल्या ऊर्जेला चालणं हवं असतं, व्याख्यान नको असतं.

खरी बोलणी तब्येत ठीक असताना करायची. आमच्याकडे कागदावर लिहिलेला करार आहे: राजीनामा, घटस्फोटाची भाषा, पाच हजारांवरची खरेदी आणि नातेवाइकांना लांबलचक मेसेज, या चारही गोष्टी दोन रात्री नीट झोप झाल्यावरच. करार भावाने स्वतः लिहिला आहे, म्हणूनच तो मोडताना त्याला थोडी तरी लाज वाटते.

१३. मरावंसं वाटतं, पण एरवी मी ठीक आहे. हे सांगायलाच हवं का?

हो, आजच. नैराश्याच्या तळाशी पुष्कळदा काही करण्याइतकं बळच नसतं. मिश्र अवस्थेत निराशा तीच असते आणि जोडीला ऊर्जा, घाई, कमी झोप. म्हणून बायपोलरमधल्या धोक्याच्या काळांत हिचा नंबर वरचा लागतो, आणि सौम्य असली तरी हा भाग आपोआप सौम्य होत नाही.

जवळच्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याला रात्रभर सोबत थांबायला सांगा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. धोका आत्ताच वाटत असेल तर ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. शुभंकरांनी गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवावा, शेतातली फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवावीत. आणि थेट विचारावं, 'जीव देण्याचा विचार येतो का?' विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते ही समजूत चुकीची आहे. पोलिसांच्या भीतीने काही घरं गप्प राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात.

१४. थोडी दारू, सिगारेट, अश्वगंधा?

दारूने लवकर डोळा लागतो आणि पहाटे तीनला उघडतो, म्हणजे प्रश्न १० चं सगळं पाण्यात. अश्वगंधा थायरॉइडवर परिणाम करू शकते, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. सिगारेटची गोष्ट वेगळी: तिच्या धुरामुळे ओलान्झापिन शरीरात लवकर संपतं. कुणी अचानक सिगारेट सोडली तर तोच डोस जास्त पडून सुस्ती येऊ शकते. सिगारेट सोडाच, पण डॉक्टरांना सांगून सोडा.

१५. आम्हाला मूल हवं आहे.

आधी डॉक्टर, मग प्रयत्न. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे: गरोदरपणात घेतल्यास साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष आढळतो, आणि पुढे शिकण्या-बोलण्यातल्या अडचणींचं प्रमाण त्याहूनही जास्त असतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे आधीच सांगितलं जायला हवं. दुसरीकडे, दिवस राहिले म्हणून घाबरून सगळी औषधं एका दिवसात बंद करणंही धोक्याचं. नियोजन काही महिने आधीपासून करा. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे झटक्यासाठी नाजूक असतात, तेव्हा रात्रीचं एक दूध पाजण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी घ्यावं.

कार्बामाझेपिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी उतरते.

१६. सहा महिने ठीक आहे. गोळ्या बंद करू?

ठीक आहात ते बहुधा गोळ्यांमुळे. कमी करायच्याच असतील तर डॉक्टरांबरोबर, हळूहळू. लिथियम एकदम थांबवलं तर झटका परत येण्याचा धोका वाढतो, म्हणून ते काही आठवडे ते तीन महिने घेऊन उतरवतात.

१७. विमा, नोकरी, लग्न: कुठं सांगायचं?

विम्याच्या अर्जात खरं लिहा. लपवलं तर दावा फेटाळायला त्यांना कारण मिळतं. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमासंरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. नोकरीत सगळ्यांना सांगायची गरज नाही. रात्रपाळी टाळायची असेल तर 'झोपेशी संबंधित वैद्यकीय कारण' असं प्रमाणपत्र पुरतं का, ते डॉक्टरांना विचारा.

लग्नाआधी सांगा. ठरवण्याच्या पहिल्या भेटीत नाही, पण होकार देण्यापूर्वी नक्की. आईवडील म्हणतात 'लग्न झालं की होईल नीट'. मला असं नीट झालेलं एकही उदाहरण भेटलेलं नाही. न सांगता केलेल्या लग्नात रोज गोळी लपवून खावी लागते, ते मात्र पाहिलं आहे.

१८. मुलीकडे अमेरिकेला जायचं आहे. वेळा उलट्या होतात, गोळ्यांचं काय?

जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळेचं वेळापत्रक लिहून घ्या, विमानात गणित करायला बसू नका. गोळ्या मूळ वेष्टनात, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग हरवली तर तिकडे भारतातली चिठ्ठी औषधाच्या दुकानात चालत नाही. विमानात पाणी भरपूर प्या, लिथियम असेल तर विशेष. पोचल्यावर पहिले दोन दिवस कुठलाही कार्यक्रम ठेवू नका, नातवंडांना तसं आधीच सांगा. सकाळी उन्हात चाला, रात्री तिथल्या वेळेनुसार अंधार करा. आणि मुलीला प्रश्न १० मधला दोन रात्रींचा नियम पाठवून ठेवा, कारण विमानतळावर घ्यायला तीच येणार आहे.